गेटबाहेर मेलेला भटू

धुळ्याचे चुडामणभाऊ तापट होते, पण त्यांचा राग चहा येईपर्यंतच टिकायचा. स्वतःचा एक ट्रक होता. गुजरातेतून प्लास्टिकचे दाणे भरायचे आणि जळगावला एमआयडीसीतल्या एका चटईच्या कारखान्यात उतरवायचे, हे त्यांचं कित्येक वर्षांचं काम. शिरपूरचा भटू दुसरा ट्रक चालवायचा. दोघं बरोबर निघत आणि ढाब्यावर एकाच ताटात जेवत.

१९९३ साली कारखान्यात कॉम्प्युटर आला. आधी ट्रक कधीही पोचला तरी माल गोदामात उतरायचा. आता कुठला माल कुठल्या दिवशी लागणार ते कॉम्प्युटर सांगू लागला आणि तेवढीच गाडी आत जाऊ लागली; बाकीच्या बाहेर ताटकळू लागल्या. गोदाम मोडून तिथे नवी यंत्रं बसवली. साठवणुकीचा खर्च वाचला म्हणून ऑफिसात पेढे वाटले.

"वाचना कोठे?" चुडामणभाऊ भडकले. "आते आमन्या गाड्याच त्यासनं गोदाम शे!"

मे महिन्यात भिंतीबाहेर ट्रकांची रांग लागली होती. एक झाड नाही. नळ होता तो आतल्या बाजूला. गेटवरचा मोतीलाल हात जोडून म्हणाला, "भाऊ, नंबर येवाले जोयजे. मन्हा हातमा काय शे?"

भटूला सकाळपासून चक्कर येत होती. चुडामणभाऊ ढाब्यावरून पाण्याची कळशी घेऊन परतले, तेव्हा तो केबिनमध्ये आडवा पडला होता. अंग तव्यासारखं तापलेलं. ओळख देईना. त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, पण तो वाटेतच गेला.

दहावं झाल्यावर भटूची बायको झुंबरबाई हिला घेऊन चुडामणभाऊ ऑफिसात जाब विचारायला गेले. साहेब तरुण होते, गोड बोलायचे. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा वळवून दाखवला. "हे बघा, त्या दिवशी ही गाडी आमच्याकडे आलेलीच नाही. गेटच्या आत आल्याशिवाय नोंद होत नाही."

झुंबरबाईनं पडद्याकडे पाहिलंही नाही. साहेबांचं 'आलेलीच नाही' तेवढं तिनं उचललं. "ऊनाच नही, मंग मरना कोठे?"

साहेबांनी घंटी वाजवून पाणी मागवलं. चुडामणभाऊंनी आलेला पेला भिंतीवर भिरकावला.

बाहेर येऊन त्यांनी आपला ट्रक गेटमध्ये आडवा लावला आणि किल्ली खिशात टाकली. मागच्या ड्रायव्हरांनी आपापले ट्रक त्याला भिडवले. मोतीलालनं अडवलं नाही. गोदामच नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी आतले दाणे संपले आणि चटयांची यंत्रं एकेक करून थांबली. पोलीस आले. चुडामणभाऊ बॉनेटवर बसून ओरडले, "उचला माले! पन गाडी हालनार नही!"

शेवटी साहेब स्वतः उन्हात आले. बाहेर शेड, पिण्याचं पाणी, आणि गाडी भिंतीपाशी आली की लगेच नोंद, एवढं त्यांनी कबूल केलं. चुडामणभाऊंना आणखी एक गोष्ट हवी होती. भटू त्या दिवशी आला होता, असं त्यांनी नोंदवावं.

"मागची तारीख कॉम्प्युटर घेत नाही," साहेब म्हणाले.

"तुम्ही तं घ्या! तुम्ही मानूस शेतस ना?"

साहेब वळून आत निघून गेले. बाकीचे ड्रायव्हर थकले होते, बायकापोरं घरी होती. त्यांनी गाड्या मागे घेतल्या. चुडामणभाऊंनी सगळ्यात शेवटी, तेही शिव्या देत.

शेड झाली. पण चुडामणभाऊंच्या ट्रकचा नंबर पुन्हा कधी लागला नाही. तो कॉम्प्युटरमधून काढून टाकलाय, हे मोतीलालनं हळूच कानात सांगितलं. मग ते दोंडाईच्याहून मिरच्या भरू लागले. धंदा चालला, राग मात्र गेला नाही.

"आते सोडा ना," त्यांची बायको ताईबाई ताट वाढताना म्हणायची. "किती वरीस व्हयनात."

"कसा सोडू? त्यासना हिशोबमा भटू अजून येवाना शे!"

आणि जेवण अर्धं टाकून ते उठायचे.