दगडाला पन्नास सेकंद

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभी हयात लातूरच्या एका डाळ मिलचा ट्रक चालवला. त्या ट्रकच्या स्पीडोमीटरचा काटा कायम शून्यावर झोपलेला. म्हणून मनगटावरचं घड्याळ आणि रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड यांवर ते वेग काढायचे. म्हातारपणी माझ्या गाडीत पुढे बसले की त्यांचे ओठ हलायचे. बायको म्हणायची, जप करतात. जप कसला, दोन दगडांमधले सेकंद मोजायचे.

गेल्या वर्षी मेव्हण्याच्या सल्ल्याने मी गाडीला दुसरे टायर घातले. मेकॅनिकपेक्षा मला मेव्हण्याचं जास्त पटतं, हा माझा जुना आजार. मग एकदा औशाला जाताना अण्णा म्हणाले, "काटा ऐंशी दाखवायलाय, पण दगडाला पन्नास सेकंद लागायलेत. पंचेचाळीस लागायला पाहिजेत. तुझा काटा लबाड हाय."

मी हसलो. हा काही तुमचा ट्रक नाही, असंही ऐकवलं. गाडी घेतली तेव्हा त्यांना शब्द दिला होता, ऐंशीच्या पुढे नेणार नाही. तो मी त्याच काट्याकडे बघून पाळत होतो.

पुढे ते नांदेडला ताईकडे राहायला गेले आणि तिथेच आजारी पडले. एका दुपारी दवाखान्यातून ताईचा फोन आला, असशील तसा निघ. निघालो. काटा ऐंशीवर बांधल्यासारखा. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. मागच्या गाड्या हॉर्न देत पुढे जात होत्या आणि मी मनात म्हणत होतो, जा बाबांनो, मी शब्दाचा पक्का आहे.

ताई जिन्यातच भेटली. अण्णांना जाऊन दहा मिनिटं झाली होती.

तेराव्यानंतर पंक्चरवाल्याने टायरवरचे आकडे वाचून दाखवले. माझ्या गाडीच्या मापापेक्षा टायर बरेच लहान होते. लहान चाक तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे घेतं, आणि काटा बिचारा फेऱ्यांवरूनच वेग सांगतो. तो ऐंशी दाखवायचा तेव्हा गाडी बहात्तरनेच पळत असायची.

हे मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, शेवटी ते सारखे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मी कुठवर आलो असेन ते मोजत होते.

"म्हणाले, त्याला उशीर होणार. त्याचा काटा जास्त दाखवतो, अन् त्यो ऐंशीच्या पुढं न्यायचा न्हाई. आला की बोलू नको त्याला."

आता मापाचे टायर बसवलेत. अण्णांचं घड्याळही मी मनगटावर बांधतो. दगड मात्र अजून एकही मोजलेला नाही.