भोपाळला गेलेल्या कारकुनाची बायको

इतकी वर्षं झाली, पण त्या मतदानाच्या दिवसाचं प्रकरण माझ्या मनात अजून ताजं आहे. नोकरीत चोऱ्या, मारामाऱ्या, घरगुती भांडणं पुष्कळ पाहिली. त्यांतली बरीचशी आता एकमेकांत मिसळून गेली. हे एक मात्र वेगळं राहिलं. ज्यांचा यात संबंध आला त्यांची नावं मी लिहीत नाही.

मी ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या एका ठाण्यात शिपाई होते. संस्थान विलीन झालं तेव्हा आमच्या यजमानांची पलटण मोडली, आणि पुढे दुखण्यात तेही गेले. माझी मराठी चौथी झालेली होती. बायकांची झडती घ्यायला, पडद्यातल्या बायकांचा जबाब घ्यायला पोलिसांना बाई हवी होती, म्हणून मला घेतलं. ठाण्यात मी एकटीच बाई. चार माणसांत बोलणं मला तेव्हाही जड जायचं. पण वर्दी घातली की काम समोर येतं आणि ते करावंच लागतं.

आमच्या भागातून पहिल्या निवडणुकीत जे आमदार झाले ते जुन्या मानकरी घराण्यातले. सगळे त्यांना साहेबच म्हणायचे. त्या वेळी मध्य भारत राज्य होतं, सरकार काही महिने ग्वाल्हेरात आणि काही महिने इंदुरात असायचं. साहेब विधानसभेला निघाले की वाटेत थांबून लोकांचे अर्ज घ्यायचे. कुणाची बदली थांबवायची, कुणाला चपराशी लावायचं. कामं करायचे, हे खोटं नाही. मग राज्यांची फेररचना झाली. मध्य भारत गेलं, राजधानी भोपाळला गेली, आणि तिच्यामागोमाग कचेऱ्यांतले कारकून गेले. कितीतरी मराठी घरांत बायका आणि म्हातारी माणसं उरली. लोक चिडले होते. साहेबांनी आमच्यासाठी काय राखलं, असं बाड्यावर, भर चौकात, उघड बोलत होते. दुसऱ्या निवडणुकीला साहेब उभे राहिले तेव्हा त्यांची जागा पक्की नव्हती, आणि त्यांच्या माणसांना ते ठाऊक होतं.

मतदानाच्या दिवशी सकाळी पाटणकर बाजारातून गस्त घालत होते. तिथे बसणाऱ्या एका कासारणीने मला हाक मारली. तिची माझी जुनी ओळख.

"ए बाई, इकडे ये. एक टांगा सकाळपासून बघतेय मी. चादर बांधलेला. बायका उतरतात, शाळेत मत टाकायला जातात, येतात. थोड्या वेळाने परत त्याच बायका, लुगडी बदलून."

"त्याच कशावरून? पदर तर हनुवटीपर्यंत असतो."

"हातांवरून. माझा धंदाच हातांचा. आणि सगळ्यांच्या बोटांना ओली मेंदी. ना सण, ना कुणाचं लगीन. सगळ्याजणी एकदम नवऱ्या झाल्या का गं?"

मत टाकणाऱ्याच्या बोटाला शाई लावायचे. गडद मेंदीत ती शाई दिसत नाही, हे माझ्या लगेच लक्षात आलं. ठाण्यात येऊन मी आमच्या ठाणेदारांना, दरोगाजींना, सांगितलं. ते भिंडकडचे, कडक माणूस. म्हणाले, "बाईजी, चूड़ीवाली की बात पर विधायक साहब के लोगों को रोकूँ? पहले कुछ ठोस लाइए."

ठोस काय ते दुपारी आपण होऊन आलं. मतदान केंद्रावरच्या अधिकाऱ्याने एका बाईला शिपायाबरोबर पाठवून दिलं. आरोप तोतयेगिरीचा. म्हणजे ती दुसऱ्या बाईच्या नावावर मत टाकायला आली होती. त्या नावाची बाई सकाळीच मत टाकून गेली होती, त्यामुळे ही खोटी, अशी हरकत साहेबांच्या प्रतिनिधीने घेतली. हा प्रतिनिधी पेशाने वकील होता. त्यातून अधिकाऱ्याने नवऱ्याचं नाव विचारलं तर या बाईने सांगितलंच नाही. मग त्यालाही संशय आला.

बाई पंचविशीची, नऊवारी नेसलेली. रडत नव्हती. दरोगाजींनी विचारलं, "पति का नाम?"

तिने नुसती मान हलवली.

"नाम बताओ, नहीं तो शाम को सीधे जेल जाओगी."

तिने माझ्याकडे बघितलं. "ताई, यांना सांगा, मी नाव घेत नसते. आमच्यात घेत नाहीत."

मी दरोगाजींना म्हटलं, मला हिच्याशी एकटीला बोलू द्या. त्यांनी मान हलवली, पण खोलीतून गेले नाहीत.

तिचा नवरा कचेरीत कारकून. राजधानीबरोबर भोपाळला गेला होता. घरी सासू, ती अंथरुणाला खिळलेली. गल्लीतल्या शेजाऱ्यांना आमच्या शिपायाने विचारलं तर सगळे म्हणाले, आम्हाला माहीत नाही. साहेबांच्या विरुद्ध कोण बोलणार?

"वहिनी," मी म्हटलं, "कागदावर नाव लागतंच. तुम्ही उखाण्यात घ्या, मी लिहून घेते."

मग ठाण्यातल्या त्या बाकावर बसून, पदर सावरून तिने घेतलं:

"भोपाळच्या तळ्याकाठी कचेरीचा थाट,
— रावांच्या पत्राची मी रोज पाहते वाट."

"ये गाना क्यों गा रही है?" दरोगाजी म्हणाले.

"गाणं नाही दरोगाजी, जबाब आहे."

ते हसले. त्या दिवसातलं ते एकच हसू. नाव मतदार यादीशी जुळत होतं. पण नाव यादीत बघून कुणीही पाठ करू शकतं, असं ते म्हणाले, आणि ते बरोबर होतं.

तेव्हा ती बाई पहिल्यांदा चिडली. "सकाळी जी आली तिने नाव कसं सांगितलं हो?"

ज्या शिपायाने तिला आणलं होतं तो सकाळी केंद्रावरच होता. तो म्हणाला, "फडाफडा सांगितलं. पुसायच्या आधीच."

"मग तीच खोटी! जी बाई भर गर्दीत नवऱ्याचं नाव फडाफडा घेते, ती त्याची बायको कशी असेल? मला तुरुंगात घाला, पण आधी माझं मत टाकू द्या. सासूबाईंना सांगून आलेय मी, मत टाकून येते म्हणून."

तिचं म्हणणं कायद्यात पुरावा होत नव्हतं. पण मला पटलं. मी दरोगाजींना पुन्हा टांग्याचं सांगितलं. आता ते उठले.

चादर बांधलेला टांगा आम्हाला बाड्याजवळ सापडला. आत एकच बाई होती. बाकीच्या उतरून गेल्या होत्या. मी चादर उचलली आणि नाव विचारलं. तिने त्याच घराचं नाव सांगितलं, नवऱ्याचंही, एका दमात. बोटांना मेंदी. तिला आणि टांगेवाल्याला आम्ही ठाण्यात आणलं. आमच्या ठाण्यात आता एकाच कारकुनाच्या दोन बायका झाल्या, आणि तो कारकून भोपाळला.

तिला वेगळं बसवून मी विचारत गेले. सासूचं नाव, गल्ली, दीर किती. सगळं बरोबर आलं. तिला चांगलं पढवलं होतं. घाबरलेली होती, पण उत्तर चुकत नव्हतं. एक गोष्ट मात्र मी पाहत होते. ती सारखी दाराकडे बघत होती. दारात टांगेवाला उभा होता, आणि तोही आतच बघत होता.

"टांगा कुणाचा?"

"मला काय ठाऊक. भाड्याचा."

मी बाहेर जाऊन टांगेवाल्याला नाव विचारलं. त्याने सांगितलं. आमच्यासारखाच पलटणीतल्या घराचा निघाला. परत आत आले आणि तिच्यासमोर बसले.

"या टांगेवाल्याचं नाव अमुक आहे," मी म्हटलं, आणि नाव तिला नीट ऐकवलं. "आता तू एकदा म्हण."

तिची नजर परत दाराकडे गेली.

"म्हण की. परका माणूस आहे ना? कारकुनाचं नाव तर सकाळपासून दहा जणांसमोर घेतलंस. भाड्याच्या टांगेवाल्याचं घ्यायला काय जातंय?"

तिने पदर तोंडाशी नेला. ओठ हलले, पण शब्द आला नाही. दरोगाजी पुढे झुकले. "बोलो, बस एक नाम है."

तिची मान खाली गेली. मग ती रडायला लागली. दारातून टांगेवाला ओरडला, "अगं, सांगून टाक आता सगळं."

तिने सांगितलं. टांगेवाला तिचाच नवरा, पलटण मोडल्यापासून टांगा हाकत होता. वकिलाने त्याला सांगितलं होतं, साहेब निवडून आले की तुला सरकारी नोकरी. ज्या घरचे पुरुष भोपाळला गेले त्या घरांची नावं वकिलाने काढून ठेवली होती. तिथल्या बायका यायच्या आधी त्यांची मतं टाकून मोकळं व्हायचं. घरच्या बायका उशिरा, स्वयंपाक आटोपून येतात, आणि दारावरून परत पाठवलं तर भांडायला उभ्या राहत नाहीत, असा त्याचा हिशोब होता. बहुतेकींच्या बाबतीत तो बरोबर ठरला असावा.

मी जबाब लिहीत असतानाच वकील ठाण्यात आला. दरोगाजींशी आधी गोड बोलला, मग माझ्याकडे वळला.

"बाई, तुमची भरती साहेबांच्या शब्दावर झाली. आठवतंय ना?"

"आठवतंय."

"मग हा कागद फाडा. गरीब बाई आहे, सुटेल तरी."

"भरती साहेबांच्या शब्दावर झाली," मी म्हटलं, "पण कागद माझ्या सहीचा आहे. नाही फाडणार." माझा आवाज बारीक निघाला, पण निघाला. दरोगाजींनी वकिलाला खुर्ची दिली आणि म्हणाले, "बैठिए वकील साहब. अब आपका भी बयान होगा."

मला तेवढ्यात दुसरीच घाई होती. मतदान बंद व्हायची वेळ जवळ येत होती. दरोगाजींची चिठ्ठी घेऊन मी त्या खऱ्या बायकोला टांग्यात बसवलं. दुसरं वाहन नव्हतं, म्हणून टांगा तोच, हाकणारा आमचा शिपाई. सराफ्यातून जाताना गर्दी लागली तेव्हा आम्ही उतरून चालत निघालो. शाळेचं दार अजून उघडं होतं.

अधिकाऱ्याने चिठ्ठी वाचली, तिची माफी मागितली. मग समजावून सांगितलं. तिच्या नावचं मत पेटीत पडलेलं आहे, ते आता बाहेर काढता येत नाही. अशा मतदाराला वेगळा कागद मिळतो. तो पेटीत न टाकता लखोट्यात बंद होतो. कोर्टाने मागितला तरच उघडतात.

"म्हणजे मोजत नाहीत?" तिने विचारलं.

"एरवी नाही."

मला वाटलं, ती परत फिरेल. तिने हात पुढे केला. "द्या. मी आले होते, हे तरी राहील."

वकिलावर खटला झाला आणि त्याला शिक्षा झाली. टांगेवाल्याच्या बायकोने खरं सांगितलं, म्हणून तिला नुसती समज देऊन सोडलं. साहेबांना यातलं काही ठाऊक होतं का, हे कधी सिद्ध झालं नाही. मलाही ते सांगता येत नाही. ते थोडक्यात निवडून आले आणि पाच वर्षं भोपाळला जात राहिले. माझी बदली मात्र दूरच्या ठाण्यात झाली. मी गेले, काम केलं, काही वर्षांनी परत आले आणि पुढे हवालदार म्हणून निवृत्त झाले.

या प्रकरणाने मला एक गोष्ट पक्की शिकवली. चौकशी करताना समोरचा जे बोलतो तेवढंच आपण लिहितो. माणूस कुठे अडतो, काय बोलू शकत नाही, तेही पाहायला हवं. पढवलेली उत्तरं सरळ येतात. खऱ्या माणसाला अडचणी असतात. नंतरच्या नोकरीत जो फार पटकन बोलला त्याच्याकडे मी दोनदा बघितलं, आणि जी बाई गप्प राहिली तिला खोटी ठरवायची घाई कधी केली नाही.

तिसऱ्या निवडणुकीला मी परत आले होते आणि माझी ड्यूटी त्याच शाळेत लागली. साहेब पुन्हा उभे होते. पहाटे दार उघडायला गेले तर पायरीवर ती कारकुनाची बायको बसलेली. सासू गेली होती, नवरा सुट्टीवर आलेला, पण त्याला झोपू देऊन ती एकटीच आली होती. थोड्या वेळाने साहेब केंद्रं बघत फिरत आले. पायरीपाशी थांबून हात जोडले. "वहिनी, इतक्या लवकर? स्वयंपाक झाला वाटतं?"

"नाही," ती म्हणाली. "आज स्वयंपाक नंतर."

आणि दार उघडताच सगळ्यांत पहिली आत गेली.