सोबत कोण आहे?

त्याच्या हातांना एक खोड होती. जेवून उठताना ताटापासून हात बाजूला घ्यायच्या आधी तो दोन्ही तळवे हलकेच एकमेकांवर आपटायचा, पसरायचा, पालथे करायचा, पुन्हा उताणे करायचा, आणि मगच उठायचा. कप खाली ठेवला तरी तेच, चप्पल काढून कोपऱ्यात सरकवली तरी तेच. नवा माणूस घरी आला की बावचळून जायचा. थोरला भाऊ मात्र पोट धरून हसायचा. "दाखव बाबा, दाखव," म्हणायचा. "तुझ्या वहिनीनं वर कॅमेरा बसवलाय. एखादा चमचा लांबवला असशील तर आत्ताच सांग."

खोड धंद्याची होती. हा धाकटा जहाजावरच्या कॅसिनोत पत्ते वाटायचा. टेबलापासून हात दूर न्यायचा असला, नाक खाजवायचं असलं तरीसुद्धा, आधी हात रिकामे आहेत हे छतावरच्या कॅमेऱ्याला दाखवायचं, हा तिथला पहिला नियम. नवीन माणसाला पत्ते पिसायला नंतर शिकवतात, हात दाखवायला आधी. वर्षानुवर्षं रोज शेकडो वेळा केलं की ते हातात भिनतं. मग डोक्याला विचारावं लागत नाही.

आणि जहाज कसलं, तर कुठेच न जाणारं. सकाळी धक्क्यावरून निघायचं, भर समुद्रात जायचं, तिथे दिवसभर घिरट्या घालायचं आणि संध्याकाळी आल्या वाटेनं परत. जमिनीवर जुगाराला बंदी; पण किनाऱ्यापासून ठरावीक अंतरावर एक रेषा, ती ओलांडली की विचारणारं कुणी नाही. रेषा पाण्यावर आखलेली नसते, कप्तानाच्या पडद्यावर असते. तोवर टेबलांवर करडी कापडं घातलेली असायची. लोक फुकटचं जेवून त्या झाकलेल्या टेबलांकडे बघत बसायचे, दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसावं तसे. रेषा आली की घंटा व्हायची आणि कापडं निघायची. परतताना पुन्हा घंटा. मग हातात कितीही चांगली पानं असोत, खेळ जागच्या जागी बंद.

या नोकरीपायी त्याचं लग्न राहिलं. मुलगा काय करतो, असं विचारलं की उत्तरानंतर पुढचा प्रश्नच यायचा नाही. त्यामुळे तो दादा-वहिनींबरोबर त्याच दोन खोल्यांत राहिला. बाप लवकर गेला, तेव्हा दादानं शाळा सोडून पंपांच्या, पंख्यांच्या जळक्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचं दुकान काढलं होतं. तांब्याची तार गुंडाळून गुंडाळून त्याची बोटं काळी पडली, पण धाकट्याला त्यानं कशाची उणीव भासू दिली नाही. दादा-वहिनींना मूल झालं नाही. भाऊ म्हणा, मुलगा म्हणा, जे काय होतं ते हेच. पुढे लोक मोटार दुरुस्त करण्याऐवजी नवी घेऊ लागले, दुकानावर माश्या बसायला लागल्या आणि घर जहाजाच्या पगारावर चालू लागलं. दादाला ते आवडायचं नाही. "पत्ते मीच शिकवले तुला," म्हणायचा, "पण वेळ घालवायला. पोट भरायला नव्हे."

तोच दादा एके दिवशी म्हणाला, "छोट्या, एकदा तुझं काम बघायचंय मला."

"नातेवाईकांना बंदी आहे दादा. कळलं तर त्याच दिवशी घरी बसवतील."

"मी कुठे नातेवाईक म्हणून येतोय? तिकीट काढून गिऱ्हाईक म्हणून येतो."

"चेहरे बघ आपले. एका साच्यातून काढलेत."

"माझं टक्कल बघ की. तिथवर यायला तुला वेळ आहे अजून."

वहिनी आतून म्हणाली, "न्या हो भावोजी एकदाचं. दोन आठवडे माझं डोकं खातायत." शेवटी ठरलं. जहाजावर दोघांनी एकमेकांना ओळखायचं नाही. हसायचंसुद्धा नाही.

दादा आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. बोटं रॉकेलनं घासली होती, तरी काळीच होती. घंटा झाली, कापडं निघाली, आणि इतकी टेबलं सोडून तो नेमका धाकट्याच्याच टेबलाशी शेवटच्या खुर्चीवर येऊन बसला. धाकट्यानं नजर पत्त्यांवरच ठेवली. पण खरं सांगायचं तर अंगावर मूठभर मांस चढलं. त्या दिवशी त्याचे हात जसे चालले तसे कधी चालले नव्हते. पान बोटांतून सुटायचं आणि जिथे पाहिजे तिथे जाऊन पडायचं.

खेळ एकवीसचा होता. एकवीसच्या वर गेलात की मेलात. दादाचे वीस झाले आणि त्यानं आणखी एक पान मागितलं. शेजारच्या बाईनं कपाळाला हात लावला. "अहो काका, विसावर कुणी पान मागतं का?"

"मला बघायचंय," दादा म्हणाला.

काय बघायचंय ते त्या बाईला कळलं नाही. धाकट्याला कळलं. जिंकण्याशी दादाला काही देणंघेणं नव्हतं. छोट्याचा हात पुन्हा हललेला त्याला बघायचा होता. हरला तरी त्याचं तोंड खुललेलं.

मग दादाचा उजवा डोळा मिटल्यासारखा झाला. ओठाचा कोपरा एका बाजूला ओढला गेला. धाकट्याला वाटलं, डोळा मारतोय. इतकं बजावून सांगितलं, आणि हा भर टेबलावर खुणा करतोय, तेही कॅमेऱ्याखाली! तो मनातून संतापला. परक्याकडे बघावं तसं त्यानं दादाकडे बघितलं. दादाच्या बोटांतली चिप, म्हणजे पैशांऐवजी लावायची ती रंगीत चकती, खाली पडली. त्यानं दुसरी उचलली, तीही पडली.

"तुमची चिप पडली, सर," धाकटा म्हणाला.

दादानं तोंड उघडलं. "छो..." एवढंच आलं. हा आता नाव घेणार, सगळं बाहेर पडणार, या भीतीनं धाकट्यानं त्याच्यावर आवाज चढवला. "पान हवंय का, सर?"

दादा खुर्चीवरून घसरला आणि खाली पडला.

तेव्हा धाकट्यानं काय केलं? तळवे एकमेकांवर आपटले, पसरले, पालथे केले, पुन्हा उताणे केले. कॅमेऱ्याला दाखवले. मग टेबलाखालचं बटण दाबलं. क्षणभराचं काम. पण दादा खाली उताणा पडला होता, त्याचे डोळे सताड उघडे होते, आणि तो क्षणभर त्या हातांकडेच बघत होता.

मॅनेजर धावत आला. येताजाता टाय सारखा करायची सवय म्हणून सगळे त्याला टायसाहेब म्हणायचे. मागून कंपाउंडर आला. जहाजावर डॉक्टर नव्हताच, हाच काय तो. "पोटात काही नसेल, चक्कर आली असेल," तो म्हणाला. "नाहीतर दारू."

"थेंब घेतला नाही त्यांनी," शेजारची बाई म्हणाली.

टायसाहेबानं टाय सारखा केला आणि मोठ्यानं विचारलं, "यांच्या सोबत कोण आहे?"

या प्रश्नाचा अर्थ जहाजावरच्या प्रत्येक नोकराला ठाऊक होता. सोबतचं माणूस असलं की ते आरडाओरडा करतं, मग जहाज वळवावं लागतं. वळवलं की रेषा येते, रेषा आली की भरलेली टेबलं झाकावी लागतात. एकटा माणूस असला की त्याला मागच्या खोलीत झोपवतात आणि संध्याकाळी धक्क्यावर उतरवतात.

"कोण आहे सोबत?" टायसाहेबानं पुन्हा विचारलं.

धाकटा हात टेबलावर ठेवून उभा होता. त्यानं घराचा विचार केला, वहिनीचा केला, असं मी म्हणेनही. पण ते खोटं होईल. त्यानं विचार केलाच नाही. तो भ्याला, एवढंच. टेबलाशी उभं असताना कुणाला ओळखायचं नाही ही सवय, आणि वर भीती. त्यानं समोरची पानं गोळा केली.

"कुणी नाही," टायसाहेब म्हणाला. दोघांनी दादाला उचलून नेलं. शेवटच्या खुर्चीवर दुसरा माणूस येऊन बसला, आणि धाकट्यानं त्याला पान वाटलं.

बदलीचा माणूस यायला तासाच्या वर गेला. तोवर तो वाटत राहिला. बदली आल्यावर तळवे आपटले, दाखवले, दारापर्यंत नीट चालत गेला आणि मग धावत सुटला. मागच्या खोलीत दादा एकटाच पडला होता. उजवा हात कॉटवरून खाली लोंबत होता. कंपाउंडर चहाला गेला होता.

"तो माझा सख्खा भाऊ आहे," धाकटा टायसाहेबाला गाठून म्हणाला.

टायसाहेबाचा हात टायकडे गेला. "आणि हे आत्ता सांगतोस?"

जहाज वळलं. भर दुपारी घंटा झाली, लोकांनी शिव्या घातल्या, टेबलांवर कापडं पडली. त्याच संध्याकाळी त्याची नोकरी गेली.

दादा वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचाही. डॉक्टर म्हणाले, "जरा आधी आणलं असतं तर बराच फरक पडला असता." त्यावर वहिनीच म्हणाली, "समुद्रात होते हो ते. आधी कसं आणणार?" दादा धाकट्याच्याच टेबलाशी बसला होता, हे तिला माहीत नव्हतं. जहाजात कुठेतरी पडला, भावोजींना कळलं, आणि त्यांनी नोकरीवर पाणी सोडून जहाज वळवायला लावलं, एवढंच तिनं ऐकलं होतं. धाकट्यानं ते दुरुस्त केलं नाही.

आता तो दादाच्या दुकानात बसतो. तार गुंडाळतो, चुकते, सोडून पुन्हा गुंडाळतो. दुपारी घरी येऊन दादाला भरवतो, पुसतो, कुशीवर वळवतो. हातांची ती खोड त्यानं मोडली. अजूनही तळवे जवळ यायला लागतात, तेव्हा तो ते बगलेत दाबून धरतो. घरी कुणी आलं की वहिनीचं सुरू होतं. "सख्ख्या मुलानं केलं नसतं इतकं भावोजी करतात. ते सोबत होते म्हणून हे आज आहेत." तो खाली मान घालून ऐकतो. एकदा धीर करून म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी मी..." पण तिनं पुढे बोलूच दिलं नाही. "नका काढू त्या आठवणी. तुम्हाला किती लागलंय ते दिसतंय मला." ती शिव्या देती तर त्याला झोप तरी लागली असती.

त्याला एकच आधार उरला होता. अशा झटक्यात माणसाला त्या दिवसाचं बरेचदा काही आठवत नाही, असं डॉक्टर बोलले होते. दादाला तो दिवस आठवत नसावा, अशी तो आशा धरून होता. चमचा दादाच्या तोंडाशी नेताना तो त्याच्या डोळ्यांत बघायचा, शोधायचा, आणि काही सापडलं नाही की त्याला हायसं वाटायचं. मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटायची. भावाची आठवण पुसली जावी म्हणून वाट बघणारा मी कसला भाऊ, हे तो स्वतःला रोज विचारायचा.

व्यायाम घ्यायला एक ताई यायची. बोलकी, हसरी, तोंडाचा पट्टा कायम चालू. त्या दुपारी धाकट्यानं सूप भरवून वाटी खाली ठेवली, तेव्हा ती दादाला म्हणाली, "काका, डाव्या हातानं आता सगळं छान करता की. आज मी काही सांगणार नाही. तुमच्या मनात येईल ते करून दाखवा बरं."

दादानं तिच्याकडे बघितलं नाही. मान हळूहळू वळवून धाकट्याकडे बघितलं. मग डावा हात उचलला, मांडीवर पडलेल्या निर्जीव उजव्या हातावर नेला आणि हलकेच आपटला. पुन्हा उचलून तळवा पसरला. पालथा केला. पुन्हा उताणा केला. आणि तो रिकामा तळवा धाकट्यासमोर तसाच धरून ठेवला.

वहिनीला हसू आवरेना. कितीतरी महिन्यांनी ती अशी हसत होती. डोळ्यांना पदर लावून हसत होती. "अगं बाई, भावोजींची खोड! भावोजी, बघताय ना? तुमचीच नक्कल. उगाच घाबरत होतो आपण. आठवतंय हो यांना, सगळं आठवतंय."

ताईनं टाळ्या वाजवल्या. दादा हसत नव्हता. त्याचे डोळे सताड उघडे होते, जहाजावर खालून बघत होते तसेच.

"हो," धाकटा म्हणाला, "सगळं आठवतंय." त्यानं वाटी उचलली आणि धुवायला आत गेला.