भाऊजींची डबी

एकादशीला दिवसा झोपायचं नसतं. मी झोपत नाहीच. सासूबाईंच्या खाटेला पाठ टेकून वाती वळते आहे. ठरलेल्या वाती झाल्याशिवाय उठायचं नाही, हा माझा नेम. बोटांना राख लावायची, कापूस ओढायचा, वळायचा. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. कूस बदलून पाठीला स्पिरिट लावायला गेलं की किंचाळतात. त्यावर एकच उपाय होता. त्यांच्या धाकट्या मुलानं, माझ्या दिगंबर भाऊजींनी, घरी जोडलेला रेकॉर्ड प्लेअर. भूपाळीची तबकडी लागली की त्या डोळे मिटून घेतात आणि मी वळवीन तशा वळतात. भाऊजींना जाऊन वर्ष उलटलं, तबकडी मात्र गात होती. परवा, खंडेनवमीला, तिचा आवाज बसला. पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा पातळ, आणि मागे सारखी घुंघुं. तेव्हापासून सासूबाईंनी तोंड घट्ट मिटलंय. पेजेचा चमचासुद्धा आत जात नाही. मोबाईलवर तीच भूपाळी लावून पाहिली, तर मान भिंतीकडे वळवली.

आज सकाळी हे म्हणाले, "उद्या माणूस येतोय. ते जुनं सगळं घेऊन जाईल. मी नवा स्पीकर आणतो." मी कापूस पुढे ओढला. नको म्हणायलाही बळ लागतं.

कापूस पांढरा. आणखी पांढरा.

"वहिनी, एकादशी मोडली वाटतं?"

भाऊजी समोर मांडी घालून बसलेत. चष्म्याची दांडी तशीच दोऱ्यानं बांधलेली. मी दचकत नाही.

"मी जागी आहे," मी म्हणते.

"हो तर! घोरत घोरत जागं राहायचं, ही विद्या आजवर फक्त दादाला येत होती."

"थट्टा पुरे. तुमची डबी बिघडलीय. आई उपाशी आहेत."

ती डबी त्यांच्या मांडीवरच आहे. प्लेअर आणि अँप्लिफायर यांच्या मधे बसवलेली, अडकित्त्याशेजारच्या चुन्याच्या डबीहून थोडी मोठी. तिला ते बफर म्हणायचे. ती करते काय, हे मी कधी विचारलं नव्हतं. आता विचारते.

"चला, दाखवतो."

उठावं लागत नाही. आम्ही दारात उभे आहोत आणि अंगणात माणसंच माणसं. समाचाराला आलेली. अंगण संपतं तिथं नदीघाटाच्या पायऱ्या सुरू होतात, त्यांवरही माणसं, गुडघाभर पाण्यातही.

"एवढी माणसं?" भाऊजी टाचा उंचावून बघतात. "रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवत होतो तेव्हा कुठं होती ही?"

आत सासूबाई कुजबुजतात. मी ऐकते आणि अंगणातल्यांना सांगते. तेवढंच, पदरचा एक शब्द न घालता.

"हे बघा," भाऊजी म्हणतात, "सुईचा आवाज आईसारखा, अगदी अशक्त. अँप्लिफायर म्हणजे हा घोळका. थेट आईपाशी सोडला तर तिला बोलू देईल? ओढून ओढून तिचा आवाजच संपवील. म्हणून मधे डबी. आईचं बोलणं वाढवायचं नाही, घटवायचं नाही, फक्त तिच्यावर भार येऊ द्यायचा नाही."

"आणि मधे उभं राहणारीला दम लागतो त्याचं काय?"

हे मी विचारलं? घाटावरची माणसं माझ्याकडे वळून बघतात.

भाऊजी डबीतली चौकोनी बॅटरी दाखवतात. "तिला स्वतःची बॅटरी असते. तुमची कुठाय?"

मी पदर झटकते, ओटी चाचपते. राख लागलेली बोटं तेवढी सापडतात.

आता आम्ही एसटीच्या बाकावर आहोत. फलाटाला गाडी नाही, फक्त देव्हारा लागलाय, समई तेवते आहे. भाऊजी डबीचं झाकण काढतात आणि बघतच राहतात. आत आठ पायांचा काळा किडा, भाऊजी त्याला चिप म्हणायचे, बारीक तारा, आणि सगळ्यावर लालभडक चिखल.

"वहिनी! ही कुणाची करणी?"

"माझी," मी म्हणते. "गेल्या साली सुतकात तुमच्या हत्यारांची पूजा राहिली. परवा मांडली. पक्कड, तारा जोडायला डाग द्यायची कांडी, सगळं. डबीला नुसतं वरून काय लावायचं? जीव आत आहे. म्हणून झाकण काढून हळदकुंकू वाहिलं. चांगलं कालवून."

भाऊजी पोट धरून हसतात. "जिवंतपणी कुणी साधी सुपारी दिली नाही मला! अहो, सुईकडून येतं ते एवढंसं. ओल्या कुंकवातून वाटेतच झिरपून जातं. आणि घुंघुं येते ती तिथूनच. पुसा ते."

"कुंकू पुसू?"

माझा हात उचलला जात नाही. लग्न होऊन आल्यापासून या हातानं कुंकू फक्त लावलंय.

"भाऊजी, दुसरं काही सांगा."

"दुसरं काही नाही. अहो, दादाचं नाही पुसायचं, माझं पुसायचंय. मी ब्रह्मचारी माणूस, मला कुंकवाचं काय?" मग हळू आवाजात, "आई उपाशी आहे ना?"

त्यांच्या हातात सासूबाईंच्या पाठीची स्पिरिटची बाटली आहे. मी एक वात तिच्यात बुडवते.

"हळू. पाय मोडतील किड्याचे."

मी पुसते. तोंडानं देवाचं नाव घेते, हातानं पुसते. तारा उजळ होत जातात.

"झालं. आता झोपा."

"एकादशी आहे, भाऊजी."

"मग तुमच्या वाटचं मी जागतो," ते म्हणतात, आणि बाकावर नीट सरसावून बसतात.

ऊन खाटेच्या पायापर्यंत आलंय. माझी मान अवघडलीय, मांडीवर वाती पडल्या आहेत. गाढ झोपले होते मी. देवाची क्षमा मागते आणि उठते. काय करायचं ते आता मला माहीत आहे. फडताळापाशी जाऊन डबीचं झाकण काढते.

आत स्वच्छ आहे. कुंकवाचा कण नाही.

मी तबकडी लावते. आवाज येतो तो भरून येतो, खालच्या सुरासकट. घुंघुं नाही. सासूबाईंचे मिटलेले ओठ सैलावतात. मी पेजेचा चमचा धरते आणि त्या तोंड उघडतात. एक, मग आणखी एक. हे दारात येऊन थांबतात, बघतात, आणि खिशातून फोन काढून त्या माणसाला नको येऊ म्हणून सांगतात.

दिवेलागणीला वातींचं ताट ओढते. सगळ्या पांढऱ्या. एक तेवढी तांबडी, स्पिरिटच्या वासाची. स्पिरिट किती लवकर उडून जातं.

ती अजून ओली आहे.