माझ्या वाटणीची प्रार्थना

आमच्या चर्चच्या मंडळीत दर शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. शेवटी सगळे गोल बसून एकमेकांचे हात धरतात, डोळे मिटतात आणि एकेक जण मोठ्यानं प्रार्थना करतो. ज्याला बोलायचं नसेल त्यानं शेजारच्याचा हात हलकेच दाबायचा, म्हणजे पाळी पुढं जाते. कुणी सोडली ते कुणाला कळत नाही, असं म्हणतात. मला मात्र खात्री होती की सगळ्यांना कळतं. अठ्ठावीस वर्षं मी हात दाबत आले, आणि त्यातली बहुतेक वर्षं तो हात असायचा माझ्या धाकट्या जावेचा.

लग्न होऊन आले तेव्हा एकदा बोलले होते. "देवा, आमचं पण बघ की जरा!" एवढंच. सगळी खोली फिदीफिदी हसली. मामंजी घरी आल्यावर म्हणाले, "सूनबाई, आधी घरात सराव करा." सराव कसला करायचा? मी सातवी शिकलेली. घरात तोंड उघडलं की तीच बाजारातली भाषा. देवापुढं न्यायची भाषा माझ्याकडं नाही, हे तेव्हाच डोक्यात बसलं.

मग धाकटी आली. शाळेत शिक्षिका, कडक इस्त्रीची सुती साडी, गळ्यात साखळीला लावलेला चष्मा. पहिल्याच शुक्रवारी तिनं अशी प्रार्थना केली की पाळकसाहेबांनी दोनदा आमेन म्हटलं. पुढच्या रविवारी मामंजींनी घराण्याचं पवित्र शास्त्र, जुनं बायबल, तिच्या हातात दिलं. कातडी बांधणीचं, त्यांच्या आज्यापासून चालत आलेलं. थोरली मी. मामंजींचं जेवणखाण, औषधपाणी मी करायची. आणि ते म्हणाले, "वाचणाऱ्याच्या हातात असू दे."

ते वाक्य मी आजवर विसरलेले नाही. मामंजी गेले, त्यांना मातीही दिली, तरी नाही.

मी सुकी मासळी विकते. आमच्या मालकांच्या शिरोलीच्या कारखान्यातल्या पगारात घर भागेना म्हणून एक पाटी घेऊन बसायला लागले. आता दुकान आहे, स्वतःचा टेम्पो आहे. गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात मीच जाते. बोंबलाच्या गोणीत हात घातला की वाळू किती आणि मीठ किती ते बोटांना कळतं. मला बघून तिथले व्यापारी भाव आधीच चढवून सांगतात, कारण मी तो पाडणार हे त्यांना माहीत असतं. एकानं ओली सुकट माथी मारली, तर त्याच्याच ओसरीवर गोणी उपडी करून आले. असं कुणाला न भिणारं माझं तोंड शुक्रवारी मिटायचं.

आणि हाताचा वास. लिंबू चोळा, बेसन चोळा, राखेनं घासा, तो जात नाही. गोल बसताना मी हात पदरात पुसायची. धाकटीचा हात मऊ, थंड, त्याला पावडरीचा वास. मी दाबला की ती आपली प्रार्थना लांबवायची, जणू माझ्याही वाटणीची करून टाकते आहे. मग बायका तिच्याभोवती. "बाई, किती छान बोलता हो तुम्ही!" आणि मला, "अक्का, चहात आलं घातलंय न्हवं?" मनात यायचं, देवही शिकलेला असणार. तो हिचंच ऐकत असणार.

एकदा पाळकबाई समजुतीनं म्हणाल्या, "अहो, प्रभू येशूचे पहिले शिष्य मासळीवालेच की."

"त्यांनी त्याच्यामागं जाताना जाळी टाकून दिली न्हवं?" मी म्हणाले. "मला दुकान टाकून कसं चालंल?"

त्या पुन्हा माझ्या वाटेला गेल्या नाहीत.

गेल्या वर्षी आमच्याच घरी सभा होती. धाकटी उशिरा आली, साडी चुरगळलेली. मला बरंच वाटलं. माझ्या शेजारी बसली, हात धरला. त्या दिवशी पाळी उलट बाजूनं आली, तिच्याकडनं माझ्याकडं. मी निवांत होते. ती बोलेल, मग मी पलीकडच्या पाळकबाईंचा हात दाबेन, झालं.

ती बोलली नाही. माझा हात दाबला गेला.

वाटलं, चुकून झालं. मी परत दाबला. तिनं पुन्हा दाबला, जोरात. आता मला राग आला. माझ्या घरात, माझ्या पाहुण्यांपुढं माझी फजिती करते काय! मीही ताकदीनं दाबला. सौद्यात असंच असतं, जो आधी तोंड उघडतो तो हरतो. खोलीत आवाज फक्त पंख्याचा. कुणीतरी खाकरलं.

मी एक डोळा उघडून बघितलं. तिची हनुवटी लटपटत होती. इतक्या वर्षांत तिचा हात मला पहिल्यांदा घामेजलेला लागला.

माझं तोंड कधी उघडलं, कळलं नाही.

"देवा, हिला आज बोलता येत न्हाय. हिच्या मनात काय हाय मला ठावं न्हाय, तुला हाय. मग गप का बसलायस? आजवर माझ्या वाटणीचं ही बोलली, आज हिच्या वाटणीचं मी बोलते. मला नीट बोलाय येत न्हाय, पण तुला ऐकाय येतंय की! जे काय हाय ते हिच्या पदरात नीट घाल. कमी घातलंस तर मी परत येणार. येशूच्या नावानं मागते, आमेन."

कुणी हसलं नाही. पाळकसाहेबांनी तिथंच सभा संपवली.

स्वयंपाकघरात तिनं सांगितलं. लेक मिरजेला दवाखान्यात होती. सातवा महिना, डॉक्टर काही सांगत नव्हते. "अक्का, एसटीत बसून सारखा प्रयत्न केला. एक शब्द आला नाही. वाटलं, इतकी वर्षं मी नुसतं पाठच म्हणत होते की काय."

मी तिच्यापुढं चहा ठेवला. आलं घातलेला.

नातू कमी दिवसांचा झाला, काचेच्या पेटीत राहिला, आणि घरी आला. त्या रविवारी धाकटी साक्ष द्यायला, देवानं काय केलं ते सगळ्यांना सांगायला, चर्चमध्ये पुढं उभी राहिली. म्हणाली, "अनेकांनी प्रार्थना केली." लोकांनी माना डोलावल्या. माझ्या मागची म्हणाली, "बाईंच्या प्रार्थनेचं फळ हो!"

माझं डोकं सणकलं. फाटकापाशी मी तिला गाठलंच.

"अनेकांनी? त्या दिवशी खोलीत तोंड कुणाचं चाललं होतं गं?"

"तुमचंच."

"मग सांगायला जीभ झडली काय?"

तिनं गळ्यातला चष्मा पदराला पुसला. मग म्हणाली, "सांगणार होते. ऐन वेळी नको वाटलं. मला हेवा वाटला तुमचा, अक्का. मी घरनं शब्द जुळवून नेते. तुम्ही सरळ देवाशी भांडलात."

हेवा हा माझा माल. तो दुसऱ्या कुणाकडं असेल, असं कधी वाटलं नव्हतं. आणि खरं सांगते, बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं. पण समोरचा नरमला की सौदा मिटवून टाकायचा, ही सवय.

"मग मामंजींचं शास्त्र माझ्याकडं दे."

"न्या की. पण वाचणार का तुम्ही?"

"ठेवणार मी. वाचायला तू यायचंस. दर बुधवारी."

"दर बुधवारी कसं जमेल? एक आड एक येते."

"दर बुधवारी."

आता ते माझ्या कपाटात असतं. धाकटी बुधवारी येते, चष्मा लावून वाचते, मी सुकट निवडत ऐकते. शुक्रवारी माझी पाळी आली की दोन-तीन वाक्यं बोलते. तिची प्रार्थना अजूनही माझ्यापेक्षा लांब आणि गोड असते आणि मला अजूनही झोंबतं. परवा शास्त्र उघडून तिनं नाक मुरडलं. "अक्का, पानांना बोंबलाचा वास लागलाय हो."

"तुझ्याकडं होतं तेव्हा पावडरीचा येत होता," मी म्हणाले. "वाच पुढं."