मंडईचा चुकलेला दिवस

गाडी ती चालवायची. मी शेजारी बसायचो. मांडीवर डबा, पायाशी पाण्याची कॅन, आणि दाराच्या खणात एखादं पुस्तक. तुमसरच्या बाजारातून निघताना ओळखीचं कुणीतरी हमखास आडवं यायचं आणि काचेतून डोकावून म्हणायचं, "काय मास्तर, ड्रायव्हर तर चांगला ठेवला!" त्यावर तीच उत्तर द्यायची, "पगार नाही देत जी, फुकटात राबवून राहिले." समोरचा हसेपर्यंत गाडी पुढे गेलेली असायची.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. रविवार हा माझ्या दृष्टीनं वाचायचा दिवस. बायको दवाखान्यात परिचारिका होती. आठवडाभर औषधांच्या वासात उभी राहिल्यावर रविवारी तिला भिंती सहन होत नसत. चहा संपायच्या आत विचारायची, "निघायचं नं?" कुठे, हे विचारायची सोय नव्हती. कुठे जायचं ते आधी ठरवायचं नाही, असा तिचा शिरस्ताच होता. चौकात गाडी हळू करायची आणि मागे बसलेल्या लेकीला विचारायची, "कोणता रस्ता?" लेक जिकडे हात करेल तिकडे आम्ही जायचो.

फार लांब कधी गेलो नाही. चांदपूरचा तलाव, गायमुख, आंबागडचा किल्ला. सर्वांत लांब म्हणजे बपेऱ्याच्या पुढचा पूल. पूल ओलांडला की मध्य प्रदेश. "चला, विदेशात चहा पिऊन येऊ," ती म्हणायची. पुलाच्या मध्यावर कुठेतरी राज्याची रेघ आहे आणि ती तुडवायची नसते, असं तिनं लेकीला पटवलं होतं. त्यामुळे मध्यावर आलं की मागच्या सीटवर दोन छोटे पाय वर. पलीकडच्या टपरीवर चहा घ्यायचा, हिंदीतून भाव करत चार पेरू घ्यायचे आणि परत फिरायचं. मी तिथेही पुस्तक उघडलं की ती म्हणायची, "अवो, विदेश तर पाहा जरा!"

या उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती गेली. दुखणं लांबलं नाही. ज्या दवाखान्यात ती काम करायची तिथलेच लोक तिच्या खाटेभोवती उभे होते. त्याविषयी मला इथे लिहायचं नाही.

तेरवीच्या दिवशी सगळे पांगल्यावर मी आतल्या खोलीत बसलो होतो. बाहेर माझी सासू माझ्या आईशी बोलत होती. सासरच्या गावाहून, एकोडीहून आलेली माणसं जीपमध्ये बसून तिची वाट पाहत होती. सासू म्हणाली, "पोरीले आमच्याजवळ ठेवाल का जी? इथं तिच्याकडे पाहाले कोण हाय? तुम्ही थकल्या, मास्तर पुस्तकातले." आई म्हणाली, "पाहू." आई कोणालाच नाही म्हणत नाही, तिचं पाहू म्हणजे पाहूच असतं. पण तो एक शब्द ऐकून मी आतून खोकललो, आणि बाहेरचं बोलणं थांबलं.

पुढच्या रविवारी मीच गाडी बाहेर काढली. परवाना माझ्याकडे होता, सवय नव्हती. लेक पुढे बसली, तिच्या आईनं तिला कधी बसू दिलं नव्हतं त्या जागी, आणि मला ते लक्षात आल्यावर मी तिला मागे बसवलं. थोड्या वेळानं ती मागून म्हणाली, "बाबा, ट्रॅक्टर पुढे गेला." मग, "बाबा, तो सायकलवाला पण." चौकात मी तिला विचारलं, कोणता रस्ता. तिनं खांदे उडवले. मी कुठलातरी घेतला.

तेव्हापासून आम्ही दर रविवारी निघत होतो आणि कुठेच उतरत नव्हतो. चांदपूरला पायऱ्यांपर्यंत जायचो आणि गाडी वळवायचो. गायमुखला यात्रेकरूंची वाहनं दिसली की तिथूनच मागे. घरात बसवत नव्हतं आणि बाहेर थांबवत नव्हतं. पावसाळ्यात तर काचेवरचं पाणी पुसलं जायच्या आत मी परतीच्या रस्त्याला लागलेला असायचो. लेक सहा वर्षांची. एकदा तिनं विचारलं, "आपण उतरत काहून नाही?" मी म्हणालो, पाऊस आहे. त्या दिवशी पाऊस होता म्हणून निभावलं.

एकोडीच्या रस्त्याला मी दोनदा लागलो. दोन्ही वेळा बसस्टँडपर्यंत गेलो. तिथून सासरचं घर म्हणजे हाकेच्या अंतरावर. पहिल्यांदा मी स्टँडसमोर गाडी उभी केली, बराच वेळ स्टिअरिंग धरून बसलो आणि वळवली. लेकीला सांगितलं, पेट्रोल कमी आहे. ती पुढे वाकून म्हणाली, "काटा तर वर हाय." आईचे डोळे आणि आईचीच बोली घेतलेली पोर. दुसऱ्यांदा तिनं काही विचारलं नाही, आणि ते मला जास्त जड गेलं.

भीती सांगण्यासारखी नव्हती. सासू पुन्हा तेच विचारील, या वेळी मला विचारील, आणि मी नाही म्हणण्याआधी पोर हो म्हणेल. तिथे मामा, मामी, खेळायला पोरं, बैल, बोडीच्या पाण्यातली बदकं. इकडे थकलेली आजी आणि न उतरणारा बाप. तिच्या जागी मी असतो तर मीही हो म्हणालो असतो.

दिवाळीत आई चिडली. आई सहसा चिडत नाही. "आजोळ तोडतो का रे तू तिचं? माणूस गेलं म्हणून घर जाते का?" त्यावर मी म्हणालो की एकोडीच्या मंडईला जाऊ.

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, म्हणजे या गावच्यांना त्या गावी जाता येतं. दिवसा दंडारीचे ताफे नाचतात, बाजार आणि झुले लागतात, रात्रभर नाटक चालतं, आणि गावातलं एकेक घर पाहुण्यांनी इतकं भरतं की चपला कुणाच्या कुठे हे समजत नाही. माझा हिशेब असा होता की त्या गर्दीत कोणी कोणाला काही विचारू शकत नाही. तोंड दाखवायचं, पोरीला जेवू घालायचं, झुल्यात बसवायचं आणि उन्हं असताना परत. माझी शंभर पुस्तकं वाचून झाली असतील, पण यापेक्षा हुशार योजना मी कधी आखली नव्हती.

दिवस कोणता, हे मी कोणाला विचारलं नाही. फोन केला असता तर बोलणं निघालं असतं. शिवाय तो मला माहीत होता. ती दरवर्षी सांगायची: आधी शेजारगावची मंडई, दुसऱ्या दिवशी आमची. शेजारगावच्या नाटकाचा फलक मी तुमसरच्या चौकात पाहिला होता. त्यात एक दिवस मिळवला आणि मोकळा झालो. नाटक कंपनीला जी तारीख मोकळी असेल त्यावरून मंडया मागेपुढे होतात, हे तिला माहीत असायचं. मी फक्त तिच्या शेजारी बसून गेलेला माणूस.

आईनं लेकीला नवा फ्रॉक घातला. यंदा आमच्याकडे नवं काही नव्हतं, पण मंडईला जुनं घालून कोणी जात नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून पडलं होतं, कुठे पेंढ्या बांधणं चालू होतं. लेक मागे बसून यादी म्हणत होती: आधी झुला, मग जलेबी, मग पुन्हा झुला. रस्त्याकडेला एक बाई उकडलेले शिंगाडे विकत होती. मी थांबलो, खाली उतरलो, शिंगाडे घेतले. लेक माझ्याकडे पाहत राहिली. कित्येक महिन्यांत मी गाडीतून उतरलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

एकोडी जवळ आली तरी भोंगा ऐकू येईना. स्टँडपाशी मी या वेळी थांबलो नाही, पुढे गेलो. मैदानात पत्रावळींचा आणि रंगीत कागदांचा खच पडला होता. झुल्याचे लोखंडी पाळणे ट्रकवर चढत होते. नाटकाच्या मंडपाचं कापड चौघेजण चार कोपरे धरून घडी करत होते.

"बाबा, मंडई कुठी हाय?"

घडी करणाऱ्यांपैकी एकानं मला ओळखलं. "काल झाली नं मास्तर! नाटकवाल्यांपायी यंदा आमची अन् शेजारगावची अदलाबदल झाली. तुम्ही आजचे आले का?" दुसरा म्हणाला, "थांबा, पुढच्या वर्षीचे पहिले पाहुणे हायेत ते." तिघे हसले. चौथ्यानं त्यांना काहीतरी हळू सांगितलं तेव्हा हसणं थांबलं. मी गाडी पुढे घेतली, कारण तिथे ती वळवायला जागाच नव्हती.

घरात सगळे झोपले होते. ओसरीभर रात्रभर नाटक पाहिलेली माणसं, तोंडावर पांघरूण, कोणाचे पाय कोणाच्या उशाशी. जागी होती एकटी सासू. हातपंपापाशी बसून भाताचे मोठाले गंज राखेनं घासत होती. ज्या गर्दीच्या भरवशावर मी आलो होतो ती घोरत होती.

सासूनं मान वर केली. "आले का?" एवढंच. हात धुतले, पदराला पुसले, पोरीला जवळ घेतलं आणि पुष्कळ वेळ सोडलं नाही. मग म्हणाली, "मटन काल संपलं जवाईबापू. आता वरण-भात खा."

जेवण झाल्यावर पोर झोपलेल्या मामाच्या नाकात काडी घालायला गेली. आम्ही दोघं ओट्यावर बसलो. मधे शिंगाडे. ती एकेक सोलून ताटलीत ठेवत होती, स्वतः खात नव्हती.

"पोट्टीले राहू द्या इथं," ती म्हणाली.

महिनोन्‌महिने मी उत्तरं तयार करत आलो होतो. शाळा, माझी आई, लेकराची सवय, असं सगळं क्रमानं. तोंडातून निघालं, "नाही."

"सुट्टीपुरतं राहू द्या, असं म्हणून राहिली मी."

तिनं आणखी एक शिंगाडा सोलला.

"स्टँडवरून परत गेल्ते नं तुम्ही? दोनदा?"

"कोणी सांगितलं?"

"एवढ्याशा गावात गाडी आली अन् दिसली नाही, असं होते का जी? पहिल्या वेळी कोणीतरी धावत सांगाले आलं, तर मीन तांदूळ जास्तीचे टाकले. दुसऱ्या वेळी नाही टाकले."

अंगणात कोंबडी पत्रावळ ओढत होती, मी तिच्याकडे पाहत राहिलो.

"तेरवीच्या दिवशी मी बोलली ते तुम्ही आयकलं," ती म्हणाली. "आतून खोकलले होते तुम्ही. त्या दिवशी माणूस काय बोलते अन् काय नाही. माही पोरगी गेली होती जी. दुसरी मागाले लागली मी, लहान लेकरू मागते तशी. तुमची पोट्टी हिसकून घेईन का मी? पण तिच्या मायचं घर तिले मालूम नको का? ती कोणत्या झाडावरून पडली, कुठी निजत होती. हे तुम्ही सांगू शकता का तिले?"

मी नाही म्हणालो. हे दुसरं नाही पहिल्यापेक्षा सोपं होतं.

तेवढ्यात मामाला उठवून लेक धावत आली. "बाबा, आज शेजारगावची मंडई हाय! तिथं झुला हाय! मामा नेते म्हणते." एवढं बोलून ती थांबली. आजीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आम्ही काय बोलत होतो ते तिला कळलं असावं. आवाज खाली आणून म्हणाली, "मी राहू?"

ज्याला मी इतके महिने चुकवत फिरलो ते हेच होतं. त्यात भ्यायचं काय होतं हे त्या क्षणी मला आठवेना, आणि भीती तर तशीच होती. मी म्हणालो, "राहा. शाळा उघडेपर्यंत."

मग मला बोलणं आवरेना. रात्री मधेच उठते, तेव्हा दिवा लागतो. झोपताना गोष्ट लागते, नवीन नको, तीच. दूध दिलं तर पोट दुखतं. पायाला मुंगी चावली तर सुजतो. सासूनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिच्या मायले मीनच मोठं केलं."

कपडे आणले नव्हते. "मामाच्या पोरीचे घालन," असं ठरलं. मलाही राहा म्हणाले. ओसरीवर माणसं उठून बसत होती, चहा ठेवला जात होता, मेहुणा म्हणाला, "भाऊजी, आता मंडई हुकवली तर नाटक तरी पाहा, शेजारगावी आज रात्री हाय." मला बसवेना. त्या घरात ज्या खांबाला मी टेकलो होतो त्याला लेकीची आई टेकायची. मी रविवारी येतो म्हणून उठलो. लेक गाडीपर्यंत आली नाही. मामा तिच्या पायात कोणाच्यातरी चपला घालून पाहत होता आणि ती हसत होती.

गावाबाहेर आल्यावर मी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं नाही. परत जाऊन तिला घेऊन येण्याइतका रस्ता रुंद होता. समोरून धानाच्या पेंढ्या लादलेला एक ट्रॅक्टर आला, हॉर्न वाजवत राहिला, कारण मी अर्धा रस्त्यात होतो. मला पुढे व्हावं लागलं, आणि मग मी पुढेच गेलो.

घरी आईनं मागची सीट पाहिली. "ठेवली?"

"शाळा उघडेपर्यंत."

"बरं केलं," ती म्हणाली, आणि पदर डोळ्याला लावून स्वयंपाकघरात गेली.

दिवेलागणीला मी फोन केला. मेहुण्यानं उचलला, मागे भोंग्याचा आणि माणसांचा कल्ला. त्यानं फोन लेकीच्या कानाला लावला असावा. "बाबा, जोरात बोला!" मी जोरात बोललो, जेवली का. "बाबा, झुला वर चालला, आता ठेवते," आणि फोन बंद.

आईनं विचारलं, "काय म्हणते?"

"वर चालली म्हणते झुल्यावर."

आईनं माझं ताट वाढलं. मी दोनदा उठलो, एकदा पाणी घ्यायला, एकदा दार लावायला, दार लावलेलंच होतं. मग बसून जेवलो.