पायाळू माणसाचं यंत्र

"मला वरचंच दिसतं."

वासुदेव गव्हाणे हे वाक्य जन्मभर म्हणत आला. नवा माणूस भेटायचा, गाव विचारायचा, गावावरून जुनी गोष्ट निघायची, आणि समोरच्याच्या डोळ्यांत ती ओळखीची चमक यायची. मग वासुदेव आवाज न चढवता एवढे तीन शब्द बोलायचा आणि विषय संपवायचा. पण तो संपायचाच असं नाही.

आमच्या पारनेरकडे आधी पाय बाहेर येऊन जन्मलेल्या मुलाला पायाळू म्हणतात. अशा मुलाला जमिनीत पुरलेलं धन दिसतं, असं सांगणारी माणसं गावोगाव बसलेली आहेत. वासुदेव सात वर्षांचा होता तेव्हा त्याच्या सख्ख्या चुलत्याने एका भगताच्या नादी लागून त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं आणि गावाबाहेरच्या पडक्या गढीत त्याला तीन दिवस बसवून ठेवलं. पोर बोट दाखवील तिथे खणायचं, असा बेत. तिसऱ्या दिवशी भुकेने त्याने कुठेतरी बोट दाखवलं. तिथे दगड निघाले. चुलत्याने त्याला त्याच खड्ड्यात उभं करून मारलं. अंजनाने डावा डोळा मंद झाला, तो कायमचा.

उरलेल्या एका डोळ्याने तो आयटीआय शिकला. पुण्याच्या कारखान्यात फिटर झाला. कारखान्याने मशिनी बसवायला जर्मनीत धाडला, तो तिथल्या डार्मश्टाट शहरातच राहिला. तिथे वीस वर्षं त्याने केसाएवढ्या फरकाचं काम केलं आणि त्याच्या हातचा एकही भाग परत आला नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे ज्यांनी त्याला नावं ठेवली त्यांच्यातल्या एकालाही स्वतःच्या हाताने स्क्रू पिळता येत नव्हता.

ट्रामच्या शेवटच्या थांब्यापलीकडे त्याची बाग होती. तिथले कामगार लोक शहराबाहेर असे चिमुकले तुकडे भाड्याने घेतात. श्रेबरगार्टन म्हणतात त्याला. लाकडी खोपट, पाण्याची टाकी, मधोमध एक म्हातारं नाशपातीचं झाड. वासुदेवने तिथे मेथी पिकवली, आंबट चुका पिकवला, काचेखाली वांगीसुद्धा आणली. जूनमध्ये त्या मुलखात दिवस मावळायचं नाव घेत नाही. कामावरून आलेला माणूस जेवून बागेत गेला, तरी त्याच्या वाट्याला तीन-चार तासांचा सोनेरी उजेड शिल्लक असतो. वासुदेवची खरी मिळकत ती.

जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक झाला त्या वर्षीची वटपौर्णिमा रविवारी आली. वड मिळणार कुठला. आठ-दहा मराठी बायकांनी नाशपातीलाच वड मानलं आणि वासुदेवच्या बागेत जमल्या. झाडाला पाणी घातलं, दोरा गुंडाळत फेऱ्या घातल्या, फॉइलमध्ये बांधून आणलेल्या पुरणपोळ्या खाल्ल्या. फ्रँकफर्टच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या विनयची बायको विभावरी, तिच्या गळ्यात सासूची पुतळ्यांची माळ होती. सासूबाई, त्यांना सगळे माई म्हणत, श्रीगोंद्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. घरी गेल्यावर त्यांनी माळ हातात घेतली. एक पुतळी नव्हती. नखाएवढी, पातळ, सोन्याची चकती. माईंच्या आईच्या आईची.

दुसऱ्या दिवशी सगळे गवतात वाकून शोधू लागले. वासुदेवही शोधत होता. माई खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत होत्या. श्रीगोंदा आणि पारनेर काही लांब नाही. त्यांनी त्याला जवळ बोलावून विचारलं, गव्हाण्यांचा पायाळू पोरगा म्हणत तो तूच ना. तो पुन्हा गवतात वाकला. तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे वासुदेवा, मग आम्हाला कशाला वाकवतोस? चपला काढ, एक चक्कर मार, आणि सांग कुठे आहे ती."

वासुदेवने आपलं वाक्य म्हटलं.

माईंनी पुन्हा सांगितलं. या वेळी त्यात विनंती नव्हती. विनय हसत म्हणाला, काका, मारा की एक चक्कर, आईचं समाधान. डॉक्टरेट करणारी दोन मुलं होती, तीही हसली. वासुदेवने चपला काढल्या नाहीत. तो नळाकडे गेला, हात धुतले आणि पाठ करून उभा राहिला. त्याच्या पाठीमागे विभावरी सासूला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "आई, दिसत नाही असं नाही. सगळ्यांच्या आधी दिसली असणार."

इतकी शिकलेली माणसं. कुणाचं आकाशातल्या यानांवर काम, कुणाचं औषधांवर. पण त्यांच्यातल्या एकालाही हे बोलणं मूर्खपणाचं वाटलं नाही. पायाळूला सोनं दिसतं, बाग पायाळूची, सोनं गेलं. गणित सुटलं.

चार दिवसांनी विनय एका जर्मन सहकाऱ्याचं धातुशोधक यंत्र घेऊन आला. लांब दांडा, खाली थाळी, वर आकडे दाखवणारा पडदा. त्याने ते बागभर फिरवलं. तासाभरात घाम पुसून जाहीर केलं की जमिनीत सोनं नाही. वासुदेव खोपटाच्या पायरीवर बसून ऐकत होता, आणि त्याला एकच गोष्ट खटकत होती. या बागेत त्याच्या आधी चाळीस वर्षं लोकांनी बियर प्यायली होती. बाटल्यांची झाकणं मातीत खच्चून भरली होती. तरी यंत्र एकदाही बोललं नव्हतं. त्याने विनयला तसं विचारलं. विनयने कचरा ऐकू येऊ नये म्हणून यंत्राला आधीच गप्प केलं होतं, आणि त्याला त्याचा अभिमान होता.

"जमिनीत नाही म्हणजे काका, कुणाच्या तरी खिशात आहे," विनय यंत्राचा दांडा मिटवत म्हणाला. "पोलिसांत जायचं नाहीये आम्हाला. ठेवून द्या कुठेतरी, आम्हाला सापडेल."

संध्या, वासुदेवची बायको, त्या दिवसापासून मराठी मंडळींच्या वाटेला गेली नाही. त्यांच्यातल्याच, दुकानात भेटलेल्या एकीने तिच्याशी बोलताना पर्स काखेत दाबून धरली होती. वासुदेवला पुतळीचं काही नव्हतं. पण आता त्याच्यासाठी एकच गोष्ट उरली होती: ती चकती त्याच मातीतून सगळ्यांदेखत निघायला हवी. नाहीतर संध्याला उरलेली सगळी वर्षं चोराची बायको म्हणून काढावी लागणार होती.

म्हणून ज्याने चुलत्याच्या त्या खड्ड्यानंतर गुप्तधनाचा शब्द घरात उच्चारू दिला नव्हता, तो माणूस वयाच्या बावन्नाव्या वर्षी धातुशोधक यंत्र घ्यायला निघाला.

फिटर नमुन्याशिवाय काम धरत नाही. त्याने विनयच्या घरी फोन करून माळेतली दुसरी एक पुतळी दोन तासांसाठी मागितली, म्हणजे यंत्र तिच्यावर पारखून घेता येईल. फोन विभावरीने घेतला. "एक गेली, आता दुसरी हवी?" असं म्हणून तिने तो ठेवला. संध्या शेजारी उभी होती. ती आत गेली, मंगळसूत्र काढलं, चिमट्याने कडी उघडून त्यातली एक वाटी सोडवली आणि रुमालात बांधून नवऱ्याच्या हातात दिली. वीस वर्षांत ते तिच्या गळ्यातून पहिल्यांदा उतरलं होतं.

दुकान एका गावातल्या गॅरेजमध्ये होतं. दुकानदार क्रेमर, लाल चेहऱ्याचा, तुटक बोलणारा. परदेशी माणूस बघून त्याने आधी कायदा ऐकवला: शेतात, रानात जुन्या वस्तू शोधायला सरकारी परवानगी लागते, सापडेल ते आपलं होत नाही, लुटायला आला असशील तर दार तिकडे आहे. वासुदेवने सांगितलं, भाड्याची बाग, हरवलेली एक चकती, आणि बागांच्या संघटनेच्या अध्यक्षांची चिठ्ठी. चिठ्ठी पुढे ठेवली. क्रेमरने ती दोनदा वाचली, मग भिंतीवरचं सगळ्यात महाग यंत्र काढलं. नवशिका आहेस, म्हणाला, हे घे. पडद्यावर आकडा येतो, कचऱ्यावर गप्प राहतं, तुझी पाठ वाचेल.

वासुदेवने जमिनीवर एक फळी ठेवली. फळीवर बियरचं झाकण, सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी फॉइल, आणि रुमालातली वाटी, हातभर अंतराने. क्रेमरने बटणं फिरवली. थाळी झाकणावरून गेली, यंत्र गप्प. फॉइलवरून गेली, गप्प. वाटीवरून गेली.

गप्प.

वासुदेवने ते तीनदा करायला लावलं. क्रेमरच्या चेहऱ्यावरची मग्रुरी हळूहळू उतरली. "गेनाऊ," अगदी बरोबर, तो म्हणाला, आणि मग पहिल्यांदा नीट बोलला. पातळ सोनं आणि फॉइल यंत्राला जवळजवळ सारख्याच आवाजात ऐकू येतात. फॉइल गप्प केली की सोनंही गप्प होतं. ज्याला सोनं हवं त्याने कचऱ्याला बोलू द्यावं आणि निघेल ते सगळं खणावं. पण तसं कुणाला नको असतं, म्हणाला. सगळ्यांना पडदा हवा असतो.

वासुदेवने कोपऱ्यातलं एक साधं यंत्र घेतलं. पडदा नाही, दोन खटके, एकच आवाज. थाळी मात्र त्याने छोटी मागून घेतली, बशीएवढी. नाशपातीच्या मुळांमध्ये मोठी थाळी शिरली नसती आणि दोन वस्तू एकीसारख्या ऐकू आल्या असत्या. वाटीवर ते यंत्र असं ओरडलं की क्रेमरचा कुत्रा उठून बाहेर गेला.

मग त्याने बागेचे दोऱ्याने चौकोन पाडले, हात बाय हात. रोज कामावरून येऊन एक एक चौकोन, डाव्याकडून उजवीकडे, मग आडवा. आवाज आला की गुडघ्यावर बसायचं, खुरप्याने वीतभर ढेकूळ उलटायचं, निघालेलं बादलीत टाकायचं, ढेकूळ परत दाबून बसवायचं. मेथी गेली. चुक्याचा वाफा गेला. शेजारच्या बागेतली म्हातारी कुंपणावरून रोज विचारायची की हा जर्मनी खणून काढणार आहे का. विनय एकदा गाडी थांबवून गेला. काच खाली करून एवढंच म्हणाला की नाटक चांगलं चाललंय.

सतराव्या संध्याकाळी झाडाच्या बुंध्यापासून दीड हातावर यंत्र बोललं. खालून पुरणपोळीच्या फॉइलचा बोळा निघाला. वासुदेवने तो काढून पुन्हा थाळी फिरवली, कारण तो कधीच एकदा मोजून थांबत नसे. आवाज अजून होता. वडाला घातलेल्या पाण्याने इथली माती मऊ झाली होती आणि कुणाच्या तरी टाचेने फॉइलसकट काहीतरी खोल रुतवलं होतं. त्याने बोटाने माती सारली. पिवळी कड दिसली. तिला हात न लावता त्याने वर बादली पालथी घातली, बादलीवर दगड ठेवला आणि अध्यक्षांना बोलावून दगडावर त्यांची सही घेतली.

रविवारी सगळे आले. माईंनी स्वतः वाकून पुतळी काढली. पदराला पुसली, माळेतल्या दुसरीशी जुळवून बघितली. आठ-दहा माणसं श्वास धरून उभी होती. मग माई म्हणाल्या, "शेवटी पायाळू तो पायाळूच. दिसलं की नाही?"

कुणीतरी हसलं. विभावरी हळूच म्हणाली, सापडायला वेळ तेवढा बराच लागला, नाही. विनयने तिला दटावलं, आणि वासुदेवकडे वळून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, मिळाली ना, झालं. आता विषय बंद."

वासुदेवने तो हात खाली काढला. खोपटामागून कचऱ्याच्या दोन बादल्या आणून माईंच्या पायाशी ठेवल्या. झाकणं, खिळे, फॉइल, गंजलेला चमचा.

"माई, या तीनशे बारा वस्तू आहेत," तो म्हणाला. "ती तुमची तीनशे तेरावी. दिसत असतं तर मी पहिल्यांदा तिलाच काढली असती."

माईंनी बादल्यांकडे बघितलं नाही. त्या पुतळी रुमालात बांधत होत्या. पायाळूपण असं लपवून लपत नाही, म्हणाल्या, तू कितीही यंत्रं आण.

वासुदेवने यंत्र खांद्यावर टाकलं, फाटक उघडलं, आणि स्वतःच्या बागेत त्या सगळ्यांना तसंच उभं ठेवून कुंपणांमधल्या खडीच्या वाटेने ट्रामकडे निघाला. विनय माळेची कडी तपासत होता, विभावरी गाडीची किल्ली शोधत होती. शेजारची म्हातारी तेवढी पाण्याचा झारा हातात घेऊन कुंपणाशी उभी होती. झारा कलला होता आणि पाणी तिच्या बुटांवर गळत होतं. तो वळणावरच्या लिंडेनच्या झाडामागे दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली.